सवकास

कुडचड्याच्या भंगारवाल्याने तो वजनावर दिला.
अकरा किलो.
नदीकाठच्या धक्क्यावरचा टर्मिनल,
खाणकंपनीच्या कचेरीतून उचललेला,
रंग मुळात सायीचा, आता जुन्या दातांचा.

पाठीचे चार स्क्रू काढले
तर टेबलावर सांडली पावडर, लाल, मऊ,
कुंकवापेक्षा जड.
लोहखनिज. खिडक्या बंद ठेवल्या तरी
शिरायचंच ते, डब्यातल्या भातात, फायलीत, छातीत,
तसं इथेही शिरलेलं.
वरची धूळ झटकली. तळातली राहू दिली.

जुनी नळी काढायची तर आधी तिची वीज उतरवावी लागते.
एक हात खिशात,
दुसऱ्यात तार बांधलेला स्क्रूड्रायव्हर.
फट्‌ झालं नाही. काहीच झालं नाही.
वीज केव्हाच निघून गेली असणार.
खिशातली मूठ मी तरीही जरा वेळाने सोडली.

काचेवर रकाने जळून बसलेत :
बार्ज, फेरी, टन, सही.
रोज तेच, त्याच जागी, इतकी वर्षं,
की मेलेल्या पडद्यावरही ते वाचता येतात
दुपारी तीनच्या तिरप्या उन्हात.
नळी फेकवली नाही. फळीवर आहे.

तिच्या जागी आता सपाट पॅनल.
हा सपाट, आणि चौकट पोट सुटलेली,
दोघांमध्ये बोटभर फट.
पुठ्ठा लावून पाहिला, फोम लावून पाहिला,
शेवटी तुटक्या चपलेच्या रबराची पट्टी कापली.
मेंदू म्हणाल तर काडेपेटीएवढा बोर्ड,
दुतोंडी टेपने आतल्या भिंतीला डकवलेला.
बाकी नुसती पोकळी.
परीक्षा संपलेल्या शाळेत
एकटा शिपाई बसलेला असावा, तसं.

कीबोर्ड तोच ठेवला.
एकेक कळ उपटून साबणाच्या पाण्यात घातली,
बायकोच्या सुपात वाळवली
(सूप अजून परत केलेलं नाही).
सातची कळ सगळ्यात झिजलेली.
सातच का, ते कळेना.

शनिवारी एर्मेलिंदाबाय आल्या,
त्या कचेरीत एकवीस वर्षं बोटं चालवलेल्या.
चष्मा पुसला, बसल्या,
आणि पडद्याकडे न बघताच बोटांनी
एक बार्ज भरली : सातशे सत्तर टन.
"सगळ्या सातशेच्या पुढच्याच असायच्या," म्हणाल्या.
मी सातच्या कळीकडे बघितलं.

पण एन्टर दाबताक्षणी आकडा हजर,
आणि त्या दचकल्या,
बोलणं पुरं व्हायच्या आत
कुणी उत्तर द्यावं तशा.
"इतलें बेगीन? सवकास रे पुता, सवकास."

मग हळूहळू कळलं.
ओळ यायची अक्षर अक्षर करत,
तेवढ्यात खिडकीशी जाऊन यायचं,
दोर सोडला का ते बघायचं,
तेवढ्यात आधीची चूक ध्यानात यायची,
तेवढ्यात कुणी म्हणायचं,
आज रेजिनाल्द कसा आला नाही?
एकवीस वर्षांचं सगळं बोलणं
त्या तेवढ्यात झालेलं.

रात्री मी सहा ओळी लिहिल्या.
एक अक्षर दे, थांब.
दुसरं दे, थांब.
लोकांची यंत्रं लवकर चालावीत
याचेच पैसे घेत आलो आयुष्यभर.
याचे घ्यावेसे वाटले नाहीत.

आता हिरवी अक्षरं येतात
पुलाखालून भरलेली बार्ज यावी तशी,
आधी नाक,
मग कितीतरी वेळ नुसतं पोट.

काल बाय पुन्हा आल्या.
टन नाही, फेरी नाही,
बार्जच्या रकान्यात टाइप केलं, रेजिनाल्द.
एन्टर.
या नावाची नोंद नाही,
एवढं सांगायला आता यंत्राला नऊ सेकंद लागतात.
पहिलं अक्षर उमटायच्या आत त्या उठल्या
आणि खिडकीशी गेल्या.

माझ्या खिडकीतून फक्त टायरचं दुकान दिसतं.
त्या बघत राहिल्या.